पहिली हाळी पाण्याची

“तू घाल हाळी,” आक्का म्हणाली, आणि तिच्या गळ्यातून जे निघालं त्याला आवाज म्हणायला मी आजही तयार नाही. वाळलेल्या पाचोळ्यावरून मांजर चालावं तसं काहीतरी होतं ते. आठ दिवस रडून तिचा घसा पार बसला होता.

आम्ही दोघी घाटावर उभ्या होतो. घाट म्हटल्यावर दगडी पायऱ्या डोळ्यांपुढे आणू नका. धरणाचं पाणी जिथवर चढतं तिथला चिखलाचा उतार, एक वाकडं जांभळीचं झाड आणि होडी बांधायचा खुंटा, एवढाच आमच्या उंबरवाडीचा घाट. कार्तिकातली सकाळ, नुकतं उजाडलेलं. समोर पाणी होतं, पण ते आम्हाला ठाऊक होतं म्हणून होतं. दिसत काहीच नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं हे त्या दिवशी कुणी ठरवलंच नव्हतं जणू. आमच्या मध्ये आक्काची पत्र्याची पेटी होती आणि तिच्यावर दव जमत होतं. मी बोटाने त्यात रेघ ओढली. रेघ थोडा वेळ राहिली आणि पुसून गेली.

त्या धुक्याच्या पोटात, पाऊण किलोमीटर पलीकडे, धोंडूनानांची होडी होती. होडी पलीकडे, डांबरी रस्ता पलीकडे, साताऱ्याची साडेआठची एस.टी. पलीकडे. आक्काला दुपारी बाराच्या आत साताऱ्यात नर्सिंगच्या ऑफिसात कागद घेऊन उभं राहायचं होतं. नाही पोचली तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती, आणि येत्या रविवारी आमच्या ओटीवर तिच्या लग्नाची सुपारी फुटणार होती.

“मी?” मी म्हणाले. म्हणजे ओठ हलवले.

आता मला ओळखणाऱ्या कुणाला हे खरं वाटणार नाही. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत माईक बंद पडला, तर मी माईकशिवाय सात मिनिटं बोलले आणि शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारे परीक्षकांचे ड्रायव्हरसुद्धा जागे झाले. पण तेव्हा मी आठवीत होते आणि वर्गात माझं नाव होतं ‘व्हायब्रेट’. हलते, पण वाजत नाही. हजेरीला मी ‘हजर’ म्हणायचे ते माझ्या शेजारच्या मुलीला ऐकू यायचं आणि ती ते पुढे सांगायची.

त्या आठवड्यात आणखी एक भानगड चालू होती. आमचे खरात सर इंग्रजी शिकवायचे. त्यांनी बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून आणल्या होत्या, प्रत्येक चिठ्ठीत एक बारकं क्रियापद. सर म्हणायचे, ही बारकी क्रियापदं मोठ्या घरातल्या सुनेसारखी असतात, नाव एक आणि कामं पन्नास. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने त्या शब्दाची जितकी कामं सापडतील तितकी आपल्याच घरातून शोधून आणायची, आणि शनिवारी शाळेच्या ओट्यावर उभं राहून, खालच्या फणसापाशी उभ्या असलेल्या मुलाला ऐकू येईल अशी वाचून दाखवायची. फणस ओट्यापासून चाळीस पावलांवर होता. मी मोजली होती.

मला ‘कॅरी’ आलं.

मला वाटलं, सोपं आहे. आई डोक्यावर हंडा नेते, कॅरी. शेजारचा बापू शेळीचं करडू काखेत नेतो, कॅरी. तिसऱ्या ओळीला माझी गाडी थांबली. मग सरांनी हात दिला. गणितात बेरीज करताना आपण हातचा एक धरतो, तेही कॅरी. ग्रामसभेत ठराव मंजूर झाला की इंग्रज म्हणतात ठराव कॅरी झाला. एखाद्याच्या शब्दाला वजन असलं तर त्याचा शब्द वजन कॅरी करतो. बाई पोटुशी असली की तीही कॅरी करत असते. मी भराभर लिहून घेत होते आणि माझ्या डोक्यात ही सगळी माणसं एका रांगेत चालायला लागली होती, कुणी हंडा घेऊन, कुणी हातचा घेऊन, कुणी बाळ घेऊन, आमच्या चढाच्या वाटेने.

शेवटी सर म्हणाले, “आणि आवाज. आवाज दूरवर पोचला तर म्हणायचं, द व्हॉइस कॅरीज.”

हे मला कळेना. हंडा नेणारीकडे हंडा असतो. आवाजाकडे काय असतं? तो काय नेतो? मी सरांच्या टेबलाजवळ जाऊन, जवळजवळ त्यांच्या शर्टाच्या बटणाला, हे विचारलं. सर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, उतेकरांच्या घरात राहतेस आणि हे मला विचारतेस होय? तुझ्या आबांना विचार की.

कारण पाण्यावर हाळी घालावी ती माझ्या आबांनीच. हे मी त्यांची मुलगी म्हणून सांगत नाही, दोन्ही काठची माणसं सांगतात. ठरलेली लाँच आमच्याकडे फक्त सोमवारी, बाजारच्या दिवशी यायची. इतर दिवशी होडी हवी तर काठावर उभं राहून पलीकडे हाळी घालायची. फोनला रेंज डोंगरावर चढल्याशिवाय मिळत नव्हती आणि धोंडूनाना फोन ठेवतच नव्हते. त्यांचं म्हणणं, फोन भिजला की मरतो, कान भिजला तरी ऐकतो.

हाळीचे कायदे होते. ती तीनदा घालायची. पहिली हाळी पाण्याची. खाली आमचं जुनं गाव बुडालेलं आहे, तिथून कधीकधी हाका येतात म्हणतात, म्हणून पहिलीला कुणी हलत नाही. दुसरी आपल्या मनाची. एकदा ऐकलं की मन पुन्हा ऐकवतं. तिसरी तेवढी माणसाची. तिसरी कानावर पडल्याशिवाय नाना वल्ह्याला हात लावत नसत. दोन हाळ्यांमध्ये तंबाखू मळून दाढेखाली ठेवायला लागतो तेवढा वेळ जाऊ द्यायचा. आणि हाळीत माणसाचं नाव कधीच घ्यायचं नाही, वाडीचं घ्यायचं. पाण्यावर टाकलेलं नाव पाणी ठेवून घेतं.

पलीकडून गावाकडे येणाऱ्यानेही होडीत बसायच्या आधी तीनदा हाळी घालायची, म्हणजे घरचं कुणीतरी त्याचं ओझं घ्यायला घाटावर येऊन थांबतं.

आणि एक कायदा कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळे पाळत. हाळी पुरुषाने घालायची.

आबांची हाळी चुकली अशी फक्त एकदा, आणि ती माझ्यामुळे. आईला माझ्या वेळी दुपारी कळा सुरू झाल्या. आबांनी घाटावर उभं राहून वीस हाळ्या घातल्या, एक पलीकडे गेली नाही. दुपारचा वारा सगळ्या उचलून मागे डोंगरात टाकत राहिला. मग काय, मी त्या जांभळीखालीच जन्मले. आई सांगते, तू पहिल्यांदा रडलीस तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

तर आबांना विचारायचं होतं आणि आबा त्या आठवड्यात घरात कुणाशीच बोलत नव्हते.

गेल्या सोमवारच्या लाँचने नर्सिंगचं पत्र आलं होतं. आक्काने बारावीनंतर अर्ज भरला होता तो आबांना विचारूनच. पण नाव लागेल असं आबांना वाटलं नव्हतं, आणि मधल्या काळात त्यांनी मुंबईला माथाडीत असलेल्या एका मुलाच्या चुलत्याला शब्द दिला होता. पत्र वाचून झाल्यावर आक्का म्हणाली, मी जाणार. आबा म्हणाले, शब्द गेलाय. आवाज चढत गेले. आणि वाडीतल्या चार जाणत्या माणसांच्या देखत आबा बोलून बसले, “माज्या तोंडातनं तुज्यासाठी होडीची हाळी निघायची न्हाय.”

आबांच्या तोंडचं ते वाक्य म्हणजे दगडावरची रेघ. आणि आबा घालणार नाहीत ती हाळी वाडीत दुसरं कोण घालणार? या सोमवारी लाँच आली तेव्हा आक्का पेटीविना, नुसती पिशवी घेऊन घाटावर गेली होती. आबा खुंट्यापाशी उभे होते. नुसते उभे. आक्का परत आली.

मंगळवारी संध्याकाळी आईने माळ्यावरची पेटी खाली काढली आणि चुलीपुढे बसून ओल्या फडक्याने पुसायला घेतली. आबा भिंतीला टेकून होते. आईने पेटीचे कोपरेसुद्धा पुसले. मग आक्काचे दोन पंजाबी ड्रेस, चादर, कागदांची पिशवी आणि लोणच्याची बरणी आत ठेवली आणि कडी लावली. कडीचा आवाज एवढा मोठा असतो हे मला तेव्हा कळलं.

मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी वही काढली आणि माझी कॅरीची वाक्यं वाचायला लागले. हळूच, पण घरात इतकी शांतता होती की ती ऐकू येत होती. हंडा. करडू. हातचा. ठराव. शेवटच्या रिकाम्या ओळीवर आले आणि आबांना म्हणाले, “आबा, आवाज जातो म्हणतात, तर तो काय घेऊन जातो?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून गोठ्यात गेले.

आणि आता बुधवारची सकाळ, मी जांभळीखाली, आणि आक्का म्हणत होती, तू घाल. आई घाटावर आली नव्हती. तिने आम्हाला अंधारातच उठवलं, भाकरीचं गाठोडं दिलं आणि दारातून आत वळली. तिने पेटी काढली होती. तिची हाळी तीच होती असं मला वाटतं.

“माझा आवाज जात नाही आक्का,” मी म्हणाले.

“मला म्हाईत हाय. तरी घाल.”

मी तोंडाभोवती हात धरले आणि पाण्याकडे बघून ओरडले. होडी, उंबरवाडी. माझा आवाज पायापाशीच पडला. खरंच, मला तो पडताना दिसल्यासारखं वाटलं, कोंबडीच्या पिसासारखा, पाण्याच्या कडेला. धुकं जरासुद्धा हललं नाही. तिने पेटीची कडी धरली, सोडली, पुन्हा धरली. डोंगराच्या मागे आभाळ पिवळसर व्हायला लागलं होतं. सूर्य धारेवर आला की धुकं उठणार, धुकं उठलं की वारा येणार, आणि मग आबांच्यासुद्धा वीस हाळ्या जात नाहीत तिथे माझी एक काय जाणार.

तेवढ्यात मागे घंटा वाजली. आमच्या चंद्रीच्या गळ्यातली.

आक्काने पेटी दोन्ही हातांनी छातीशी ओढली. धुक्यातून आधी म्हशीची शिंगं आली, मग म्हैस, मग तिच्या मागे खांद्यावर टॉवेल टाकलेले आबा. मला वाटलं, संपलं. आता ते खुंट्यापाशी जाऊन उभे राहणार, सोमवारसारखे. पण आबांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. दहा पावलांवरच्या दगडावर ते आमच्याकडे पाठ करून बसले आणि चंद्रीला पाण्यात सोडलं. ती पोटापर्यंत आत गेली आणि उभी राहिली, तिच्या पाठीवरून वाफ निघत होती. इतक्या सकाळी म्हशीला पाण्यावर कुणी आणत नाही. हे मला माहीत होतं, आक्काला माहीत होतं, आणि म्हशीलाही माहीत असावं, कारण ती पाणी पीत नव्हती.

“चंद्रे,” आबा म्हणाले, “पाण्याकडं बगून हाळी घातली की ती पाणीच पितं.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो.

“वर बगावं,” आबांनी म्हशीला सांगितलं. “पल्याडच्या कड्याकडं. दिसत नसला तरी हाय तितं तो. कडा घेतो आन् खाली नानाच्या छपरावर टाकतो.”

चंद्रीने कान हलवला.

“आन् शबुद तोडू न्हाय. शेवट वढून धरायचा, दावं धरल्यागत. पोटातनं. गळ्याचं काम न्हाय ते.”

मी त्या दिवसापासून त्या म्हशीची ऋणी आहे. मी डोळे मिटले. कडा कुठे असतो ते मला पाठ होतं. रोज बघत होते. मिटल्या डोळ्यांनी मी त्याच्याकडे तोंड केलं, पोटात हवा भरली आणि सोडली.

“होडीऽऽऽ… उंबरवाडीऽऽऽ…”

तो आवाज माझा होता यावर माझा विश्वास बसला नाही. तो माझ्या तोंडातून निघाला, पण पाण्यावर पाऊल ठेवल्यावर तो माझा राहिला नाही. तो चालत गेला. धुक्यातून, सरळ, घाई न करता, आणि मला त्याची पाठ दिसत होती. मग बऱ्याच वेळाने, जिथे कडा असायला हवा तिथून, कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, वाडीऽ.

आक्काने माझा हात धरला.

आबांनी कमरेची पिशवी काढली, तंबाखू घेतला, चुना लावला आणि मळत बसले. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा थांबला, तंबाखू दाढेखाली गेला. मी दुसरी घातली. ही पहिलीपेक्षा बरी गेली. जाताना तिने पाण्यावरची दोन बदकं उठवली, त्यांचे पंख ऐकू आले.

पुन्हा वाट बघायची होती. डोंगराच्या धारेवर एक सोनेरी दोरा चमकला. धुक्याचा वरचा थर विरळ झाला आणि जांभळीचं एक पान, फक्त एकच, हललं.

“वारं उठतंय, चंद्रे,” आबा म्हणाले. पहिल्यांदा त्यांच्या आवाजात घाई होती.

मी तिसरी घालायला तोंड उघडलं आणि आवाज मध्येच फाटला. होडी एवढंच निघालं, तेही अर्धं. मला खोकला आला. घशात काहीतरी सोलवटल्यासारखं झालं. मी खोकत होते आणि आक्का माझ्या पाठीवर हात फिरवत होती आणि ती रडत होती, आवाज नसल्यामुळे नुसतीच हलत होती, तेव्हाची मी जशी वर्गात असायचे तशी.

मी आबांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते. तोंड कड्याकडे. त्यांची छाती भरलेली दिसली, मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ उघडले. एवढी हवा भरून घेतलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याचा बोळा करून तोंडात धरला आणि तसेच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तेव्हा मला कळलं की ते काय म्हणून आले होते आणि काय करू शकत नव्हते.

मी तिसरी घातली. कशी घातली ते मला सांगता येणार नाही. पुढे कित्येकांनी मला विचारलंय, स्टेजवर जाताना भीती कशी घालवतेस, आणि मी काहीबाही उत्तरं देते. खरं उत्तर त्या सकाळी आहे. आबांच्या छातीत अडकलेली ती सगळी हवा मी माझ्या पोटात घेतली, असं मला वाटलं. त्या हाळीत उंबरवाडीचा शेवट एवढा लांबला की मी थांबल्यावरही तो थांबला नव्हता.

मग काहीच नाही. धुकं. चंद्रीच्या नाकपुड्यांचा आवाज. जांभळीची आता सगळीच पानं हलायला लागली होती.

ठक्.

आक्काने पेटीची कडी धरली.

ठक्.

होडीच्या काठावर वल्हं दोनदा आपटलं की समजायचं, नाना निघाले.

ते आले तेव्हा आधी नुसतं वल्ह्याचं पाणी ऐकू आलं, मग धुक्यात एक काळी रेघ उभी राहिली आणि तिची होडी झाली. नानांनी आबांना पाहिलं आणि ते गोंधळले. म्हणाले, हाळी उंबरवाडीच्या घाटावरनं आली, पण आवाज उतेकरांचा नव्हता. घातली कुणी?

आबांनी तोंडातला टॉवेल काढला. “म्या न्हाय घातली.”

“मग?”

“म्हशीला इचार.”

नानांनी आधी म्हशीकडे, मग आक्काकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत होते. “वाडीत आता म्हशीबी हाळी घालाय लागल्या,” नाना म्हणाले आणि हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हसल्या.

त्या दिवसांत पाणी ओसरायला लागलेलं असतं, त्यामुळे काठाला गुडघाभर गाळ. होडी वीस पावलं आत थांबली. आक्काने पेटी उचलली, दोन पावलं टाकली आणि तिचा पाय रुतला. मी पुढे झाले, पण त्याआधी आबा पाण्यात होते. त्यांनी पेटी तिच्या हातातून घेतली, खांद्यावर टाकली आणि चालायला लागले. मांडीपर्यंत पाणी, थंडगार, त्यांचं धोतर त्यांच्या मागे पाण्यावर पसरत गेलं. त्यांनी शपथ हाळीची घेतली होती. पेटीची नव्हती.

पेटी होडीत ठेवून ते तसेच उभे राहिले. आक्का त्यांच्यापर्यंत पोचली. तिला पाया पडायचं होतं, पण पाय पाण्याखाली होते. मग ती वाकली आणि जिथे पाय असतील त्याच्या वरच्या पाण्याला हात लावून तिने तो कपाळाला लावला.

आबांनी पाण्यात लोंबून भिजलेला टॉवेल पिळला आणि तिच्या हातात दिला. “गार लागंल मदी. डोईला बांध.”

आठ दिवसांत ते तिच्याशी बोलले ते एवढंच. टॉवेल तर ओला होता. तरी तिने तो डोक्याला बांधला.

होडी गेली असं मी म्हणणार नाही. ती विरघळली. आधी नाना, मग पेटी, मग आक्काच्या डोक्यावरचा पांढरा टॉवेल, आणि मग नुसतं वल्ह्याचं पाणी राहिलं. आम्ही ते ऐकू यायचं थांबेपर्यंत उभे होतो. मग वारा आला आणि धुकं एकदम उठलं, आणि समोर एवढं मोठं, लख्ख, रिकामं पाणी होतं की डोळे दिपले.

शनिवारी मी ओट्यावर उभी राहिले, फणसाकडे न बघता फणसाच्या वरच्या डोंगराकडे बघितलं आणि कॅरीची सगळी कामं वाचली. सर सांगतात, डोंगरावर शेळ्या चारणारा माणूस वळून बघत होता. शेवटची ओळ मी वाचली नाही, कारण ती रिकामीच होती. सरांनी तिथे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं आणि दहापैकी नऊ दिले.

रविवारी आबा एकटेच पलीकडे गेले, त्या मुलाच्या चुलत्याकडे. तिकडे काय ऐकून घेतलं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आले ते तडक गोठ्यात गेले आणि बराच वेळ चंद्रीची पाठ खरारत बसले.

आक्का पुढच्या दिवाळीलाच घरी आली. मधल्या सुट्ट्यांत ती आली नाही. ड्युट्या लावून घ्यायची. पत्रात आबांना नमस्कार लिहायची, आणि मी ती ओळ जोरात वाचायचे. आबा ‘हं’ सुद्धा म्हणायचे नाहीत.

वसुबारसेच्या सकाळी मी ओटीवर तोंड धूत होते. आबा आत चहा पीत होते. बाहेर तसंच धुकं होतं, अगदी तसंच, आणि पाण्यावरून एक आवाज आला. लांबून, पलीकडून, कड्याच्या बाजूने. बाईचा. पोटातून आलेला, शेवट ओढून धरलेला.

“आबाऽऽऽ…”

वाडीचं नाव नाही. कायदे मोडून सरळ, आबा.

मी चूळ तोंडात धरून थांबले. दुसरीची वाट बघायची, मग तिसरीची, मग आबांना सांगायचं, असं मनात म्हणत होते. दुसरी आली. मी आत धावले. चहाची बशी चुलीपाशी होती, अर्धी भरलेली, तिच्यातून वाफ निघत होती. आबा नव्हते. चपला दारातच होत्या.

मी घाटावर पोचले तेव्हा तिसरी पाण्यावरून येत होती आणि आबा अनवाणी, मांडीभर पाण्यात, ओझं घ्यायला उभे होते. होडीचा अजून पत्ता नव्हता. मला खूप हसू येत होतं.

“आबा,” मी काठावरून म्हणाले, “पहिली हाळी पाण्याची असते ना?”

त्यांनी वळून पाहिलं नाही.

“म्हशीला इचार,” आबा म्हणाले.